मैदानाच्या कडेला बसलेले मूल

खेळाच्या तासाला पायाने अधू असलेल्या मुलास कडेला बसवून इतरांची दप्तरे सांभाळावयास सांगितले जाते. हेतू दयेचा असतो. परंतु मुलाचा खेळ त्यामुळे कायमचा सुटतो.

या बाबतीत हॉलंडमधील टेनिसपटू एस्थर व्हर्गीर हिचे चरित्र मननीय आहे. तिचा जन्म १९८१ चा. वयाच्या आठव्या वर्षी मज्जारज्जूवरील शस्त्रक्रियेनंतर तिचे दोन्ही पाय लुळे पडले. उपचारांच्या काळातच तिला चाकांच्या खुर्चीत बसून खेळावयास शिकविण्यात आले. प्रथम ती बास्केटबॉल व टेनिस दोन्ही खेळे. पुढे तिने टेनिसच पत्करले. २००० पासून २०१२ पर्यंतच्या चारही पॅरालिंपिक स्पर्धांत तिने एकेरीचे सुवर्णपदक मिळविले. २००३ पासून २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिने एकेरीचे सलग ४७० सामने जिंकले. २००८ च्या बीजिंग येथील अंतिम सामन्यात तर पराभव केवळ एका गुणावर येऊन ठेपला असता तिने विजय खेचून आणला.

या खेळात मैदान, जाळे व चेंडू नेहमीचेच असतात. सवलत एवढीच, की चेंडूचे दोन टप्पे पडू दिले तरी चालतात. गुण मात्र स्वतःच मिळवावा लागतो.

शिक्षकांनी हेच सूत्र धरावे. लगोरीत अशा मुलासाठी फेकीची रेषा जवळ आखावी, धावण्याचे काम जोडीदाराकडे द्यावे; परंतु नेम त्याचाच असावा, आणि तो चुकल्यास इतरांप्रमाणे त्याचाही डाव जावा. पुढील खेळाच्या तासाला कडेला कोण बसले आहे, हे प्रत्येकाने अवश्य पाहावे.