कोड येत नाही, तरी डॉक्युमेंटेशन लिहू का?

प्रश्न : मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोडिंग जेमतेम येतं. ओपन सोर्स प्रकल्पांना डॉक्युमेंटेशन लिहूनही हातभार लावता येतो, असं सर म्हणाले. पण जे मलाच नीट येत नाही, ते दुसऱ्याला काय समजावणार?
— एक विद्यार्थिनी, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नीट येत नाही, म्हणूनच तुम्ही हव्या आहात. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाताला साऱ्या पायऱ्या इतक्या सवयीच्या झालेल्या असतात, की मधली एखादी लिहायची राहिली हे त्याच्या लक्षातच येत नाही. ठेच लागते ती नवख्याला.

एक साधी ठेच सांगतो. पायथनच्या कितीतरी प्रकल्पांत सूचनांची पहिलीच कमांड ‘पायथन’ या शब्दानं सुरू होते. उबुंटूच्या २०.०४ या आवृत्तीपासून मात्र मुळात मिळते ती ‘पायथन३’ ही कमांड. लिहिलंय तसं टाइप केलं, की ‘कमांड नॉट फाउंड’. आपलंच काही चुकलं असं समजून पोरं अख्खी संध्याकाळ त्यात घालवतात. तिथं ‘उबुंटूवर पायथन३ लिहा’ एवढी एक ओळ घातली, की पुढच्या प्रत्येकाची संध्याकाळ वाचते.

मुंबई आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं हे नवखेपण कामाच्या रीतीतच बसवलं आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहाएक मिनिटांचे व्हिडिओ तिथं तयार होतात. संहिता लिहून झाली, की आधी नवशिक्याकडून तपासून घेतात, ध्वनिमुद्रण त्यानंतर. मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन होतं. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहतं, समजावणारा आवाज तेवढा मराठी. मला ही वाट फार पटते. पडद्यावर ‘सेव्ह’ असताना निवेदनात ‘जतन करा’ आलं, तर शिकणारा ते बटण शोधत बसेल.

अशी दुरुस्ती पाठवायची गिटहबवरची रीत अवघड नाही. आधी ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल वाचा. चूक असलेली फाइल उघडून पेन्सिलीच्या खुणेवर क्लिक करा. मग समोर येणारं ‘फोर्क’चं बटण दाबलं, की तुमच्या खात्यात प्रकल्पाची प्रत तयार होते. तिच्यात दुरुस्ती करा, कुठं अडलं ते दोन ओळींत लिहा आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे ही दुरुस्ती मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती, पाठवा. उत्तराला वेळ लागतो. बरेचजण हे काम नोकरी सांभाळून करतात.

मात्र नाव लागावं म्हणून उगाच शब्द बदलू नका. २०२० च्या ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या उपक्रमात बक्षिसाच्या टी-शर्टसाठी असल्या निरर्थक दुरुस्त्यांचा पूर आला. ज्या प्रकल्पांची संमती असेल त्यांचीच दुरुस्ती मोजायची, असा नियम आयोजकांना तेव्हा ऐन महिन्यात करावा लागला.

आज प्रॅक्टिकलला जिथं अडाल, तिथला एरर आणि सुटल्यावर सापडलेला उपाय वहीत टिपून ठेवा. तीच तुमची पहिली पुल रिक्वेस्ट. ती स्वीकारली गेली, की आम्हाला जरूर कळवा.