आपले अंगण आपल्या हातांनी

(घरापुढचे अंगण कमी खर्चात, घरच्या माणसांनी मिळून कसे तयार करावे, हे या पाठात सांगितले आहे. अंगण करताना पावसाच्या पाण्याचा विचार आधी का करावा, हेही लेखकाने स्वतःच्या अनुभवातून समजावून दिले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात चिरनेर नावाचे गाव आहे. पनवेलपासून ते फार दूर नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथे जंगल सत्याग्रह झाला. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले. म्हणून इतिहासात या गावाचे नाव आदराने घेतले जाते. हे गाव मातीच्या भांड्यांसाठीही ओळखले जाते.

आमचे घर याच गावात. घर लहान, पण पुढे मोकळे अंगण. उर्दूत तुम्ही ज्याला आंगन किंवा सहन म्हणता, तेच हे अंगण. कोकणातल्या घराची निम्मी कामे अंगणातच होतात. भात वाळवायचे अंगणात, पापड वाळत घालायचे अंगणात. कुंभाराची मडकीही आधी अंगणातच सुकतात. लग्नाचा मांडव अंगणात पडतो आणि उन्हाळ्यात रात्री गप्पाही तिथेच रंगतात. अंगण म्हणजे घराची छप्पर नसलेली खोलीच!

पूर्वी आमचे अंगण मातीचे होते. दिवाळीच्या आधी मुरूम पसरायचा, पाणी शिंपडायचे, चोपण्याने चोपायचे आणि शेणाने सारवायचे. अंगण छान दिसे. पण पाऊस आला की सारवण धुऊन जाई आणि चिखल होई. एकदा दादी त्या चिखलात घसरून पडल्या. तेव्हा अब्बांनी ठरवले, की आता पक्के अंगण करायचे.

घरात लग्न होते, त्यामुळे घाई होती. सगळ्या अंगणात सिमेंटचा कोबा घातला. अंगण आरशासारखे गुळगुळीत झाले. सर्वांनी कौतुक केले. पण एक गोष्ट कोणीच पाहिली नाही. कोबा घराच्या जोत्याइतका उंच झाला होता आणि त्याचा उतार घराकडे होता.

जून महिना आला. पहिल्याच मोठ्या पावसात, मध्यरात्री, पाणी उंबरठा ओलांडून घरात शिरले. तांदळाचे पोते भिजले. आमची वह्या-पुस्तके भिजली. रात्रभर आम्ही भांड्यांनी पाणी उपसत होतो. दादी खाटेवर बसून सर्व पाहत होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “पाण्याचे काय चुकले? त्याची वाट आपणच अडवली.”

मित्रांनो, ते पाणी किती असेल, याचा हिशेब तुम्हीही करू शकता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लीटर पाणी होते. आमच्या अंगणाचा घरालगतचा भाग ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. कोकणात जुलै महिन्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा दिवशी एवढ्याशा जागेवर १२०० लीटर पाणी पडते. म्हणजे २०० लीटरची सहा पिंपे! शिवाय छपरावरून पडणाऱ्या पागोळ्यांचे पाणी वेगळेच. या पाण्याला वाट दिली नाही, तर ते आपली वाट स्वतः शोधते.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही तो कोबा फोडला. हातात पैसे थोडे होते, म्हणून मजूर लावला नाही. अब्बा, अम्मी, आम्ही भावंडे, सर्वांनी मिळून विटांचे अंगण केले. ते कसे केले, ते आता सांगतो. तुमच्या घरी असे काम निघाले, तर तुम्हालाही त्याचा उपयोग होईल.

पहिले काम पाहण्याचे. पावसाळ्यात अंगणात उभे राहा. पाणी कुठून येते, कुठे साचते आणि कुठे निघून जाते, ते पाहा व वहीत काढून ठेवा. काम मात्र दिवाळीनंतर सुरू करावे आणि पावसाळ्यापूर्वी संपवावे. खणण्याआधी तेथून पाण्याचा नळ किंवा विजेची तार जमिनीखालून गेली आहे का, हे मोठ्या माणसांना विचारून घ्यावे.

दुसरे काम आखणीचे. चार खुंट्या ठोका आणि त्यांना दोरी बांधा. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, हे कसे ओळखाल? तुम्ही भूमितीत पायथागोरसचा सिद्धांत शिकता. तो येथे उपयोगी पडतो. एक बाजू ३ मीटर आणि दुसरी ४ मीटर असेल, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर बरोबर ५ मीटर आले पाहिजे. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५ मीटर भरले, की आखणी बरोबर आहे असे समजा.

तिसरे काम उताराचे. हे काम सर्वांत महत्त्वाचे. अंगण घराच्या जोत्यापेक्षा निदान १५ सेंटिमीटर खाली असावे आणि त्याचा उतार घरापासून दूर जावा. दर मीटरला २ सेंटिमीटर उतार पुरे. म्हणजे ३ मीटर रुंदीच्या अंगणाची बाहेरची कड घराकडच्या कडेपेक्षा ६ सेंटिमीटर खाली हवी. चालताना हा उतार जाणवत नाही, पण पाण्याला तो बरोबर कळतो.

उतार मोजायला महागडे साधन लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची एक लांब नळी घ्या व तिच्यात पाणी भरा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. नळीचे एक टोक घराजवळच्या खुंटीपाशी आणि दुसरे बाहेरच्या खुंटीपाशी धरा. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर स्थिर होते. तेथे दोन्ही खुंट्यांवर खुणा करा. बाहेरच्या खुंटीवर त्या खुणेच्या ६ सेंटिमीटर खाली दुसरी खूण करा. घराजवळची खूण आणि ही नवी खूण यांना जोडून दोरी बांधा. हाच तुमचा उतार. गवंडीही असेच करतात.

चौथे काम खणण्याचे. सुमारे १५ सेंटिमीटर माती काढा. तळालाही दोरीप्रमाणेच उतार द्या. मुळे व मऊ माती काढून टाका. ही वरची माती फेकू नका. परसातल्या भाजीला ती चांगली.

पाचवे काम मुरमाचे. मुरूम एकदम न टाकता दोन थरांत टाका. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि धुमसाने ठोका. ठोकल्यावर मुरूम १० सेंटिमीटर जाड राहिला पाहिजे. ठोकताना तो दबतो, म्हणून सुमारे दीड घनमीटर मुरूम आणावा. या कामाचा कंटाळा येतो, हात भरून येतात. पण येथे आळस केला, तर पुढे विटा खचतात. मुरमावर ३ सेंटिमीटर वाळू पसरा. वाळूऐवजी दगडखाणीवरची बारीक कच चालते. खाडीची खारी वाळू मात्र वापरू नये. तिच्यातील मिठाने विटा झडतात.

सहावे काम विटांचे. वीट विकत घेण्यापूर्वी तिची परीक्षा करा. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला, तर वीट चांगली भाजली आहे. नखाने ओरखडा उठत असेल, तर ती कच्ची समजावी. अशी वीट एका पावसाळ्यात विरघळू लागते. आता विटा किती लागतील? आमची वीट २३ सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर रुंद होती. ती आडवी ठेवली, तर २५३ चौरस सेंटिमीटर जागा व्यापते. एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. भागाकार केला, की साधारण ४० विटा येतात. १२ चौरस मीटरला ४८०. काही फुटतील म्हणून ५०० धरा. आम्ही निम्म्या विटा एका पडक्या भिंतीच्या, मालकाला विचारून आणल्या. त्यामुळे खर्च बराच वाचला.

कडेने उभ्या विटा पुरा, म्हणजे आतल्या विटा सरकत नाहीत. मग घराकडून सुरुवात करा. प्रत्येक रांगेला दोरी लावा. वीट ठेवा आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोका. एका रांगेतील सांधा पुढच्या रांगेतील विटेच्या मध्यावर आला पाहिजे. यालाच सांधेमोड म्हणतात. सर्व विटा बसल्या, की वर कोरडी वाळू टाकून झाडूने फटींत भरा. पाणी शिंपडा. आठ दिवसांनी पुन्हा वाळू भरा. पागोळ्या जेथे पडतात, तेथे मात्र विटांऐवजी सपाट दगड बसवा. नाहीतर पाण्याची धार फटींतली वाळू उडवते.

शेवटी परीक्षा. घराच्या भिंतीपाशी बादलीभर पाणी ओता. ते कुठे जाते, ते पाहा. आमचे पाणी हळूहळू बाहेरच्या कडेकडे गेले, काही फटींतून जमिनीत मुरले. आम्ही टाळ्या वाजवल्या!

सिमेंटचे अंगण वाईट असते, असे मी म्हणत नाही. उतार नीट दिला, तर तेही चांगले होते. पण विटांच्या अंगणाचे दोन फायदे आहेत. एक, फटींतून थोडे पाणी जमिनीत मुरते. दुसरा, दुरुस्ती सोपी असते. एखादी वीट खचली, तर ती उचलायची, खाली मूठभर वाळू घालायची आणि पुन्हा बसवायची. त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. पावसाळ्यात विटांवर शेवाळ धरते, त्यावरून पाय घसरतो. म्हणून आठवड्यातून एकदा खराट्याने घासावे. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, असे मराठीत म्हणतात, ते खोटे नाही.

त्या वर्षीही जून आला. पहिला मोठा पाऊस रात्रीच पडला. आम्ही सारे जागे होतो. अब्बा तर दोनदा कंदील घेऊन उंबरठ्यापाशी गेले. उंबरठा कोरडा होता. सकाळी पाऊस उघडला. दादींनी काठी घेतली, सावकाश पायरी उतरल्या आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकट्या चालत गेल्या. चिखल नव्हता, पाणी साचले नव्हते. परत येऊन त्या म्हणाल्या, “खुर्ची आणा रे, इथेच चहा घेते.”

मित्रांनो, एक गंमत सांगतो. या पाठातले बरेच शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. मराठीत जमिनीवर बसवतात ती ‘फरशी’, तिचे मूळ तुमच्या ‘फर्श’मध्ये आहे. ‘मजूर’ म्हणजे मजदूर. ‘जमीन’ आणि ‘खर्च’ हे तर दोन्ही भाषांत सारखेच. एकाच अंगणात दोन भाषा नांदतात, त्या अशा!

शब्दार्थ
मुरूम – जमिनीवर पसरण्याची खडेमिश्रित, भरड माती
चोपणे – जमीन ठोकून सपाट करण्याचे लाकडी साधन
धुमस – मुरूम ठोकून दाबण्याचे जड साधन
कोबा – सिमेंट-वाळूचा गुळगुळीत थर
जोते – घराचा पाया जमिनीच्या वर येतो तो भाग
पागोळ्या – छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा
कच – दगडाचा बारीक चुरा
खराटा – काड्यांचा राठ झाडू

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चिरनेरचे नाव इतिहासात कशासाठी घेतले जाते?
(आ) दादी कशामुळे पडल्या?
(इ) चांगली भाजलेली वीट कशी ओळखावी?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोबा घातल्यावर घरात पाणी का शिरले?
(आ) पाण्याच्या नळीने उतार कसा मोजतात?
(इ) “पाण्याचे काय चुकले? त्याची वाट आपणच अडवली.” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ३. गाळलेल्या जागा भरा.
(अ) दर मीटरला ______ सेंटिमीटर उतार पुरे.
(आ) एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ______ पाणी होते.

प्र. ४. ‘हात फिरे तिथे लक्ष्मी वसे’ या म्हणीचा अर्थ सांगा. याच अर्थाची उर्दू म्हण घरी विचारून लिहा.

उपक्रम : तुमच्या घराचे किंवा शाळेचे अंगण मोजा. तेवढ्या जागेला किती विटा लागतील, ते काढा. जवळच्या दुकानात विटेचा भाव विचारून खर्चाचा अंदाज वहीत लिहा.