गरोदरपणी पेशीतपासणीत दोष निघाला तर

स्मरणिका म्हटली की तीत गतकार्याचा आढावा, देणगीदारांचे आभार आणि पुढील संकल्प यांना प्रथम स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु न्यास म्हणजे अखेर आपली कुटुंबेच होत. म्हणून ज्याविषयी आपल्या घरांतून मोकळेपणी बोलणे होत नाही, असा एक विषय आम्ही येथे मुद्दाम घेत आहोत. भगिनींनी तो वाचावाच. त्यांच्या यजमानांनी व सासूबाईंनीही वाचावा, अशी आमची विनंती आहे.

समजा, पिरनवाडीतील एका घरची सून गरोदर आहे. बेळगावच्या दवाखान्यात तिचे नाव घातले, रक्त-लघवी तपासली, आणि डॉक्टरांनी गर्भाशयाच्या मुखावरील, म्हणजे आपल्या बायका ज्याला पिशवीचे तोंड म्हणतात तेथील, पेशी तपासणीस पाठविल्या. काही दिवसांनी कागद आला. पेशींत बदल आढळला असे त्यावर लिहिले होते. कोणीतरी 'कॅन्सर' हा शब्द उच्चारला, आणि त्या रात्री घरात कोणाला घास गेला नाही.

अशा घराने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेशींत बदल म्हणजे कर्करोग नव्हे. ही तपासणी ज्यांच्या नावाने 'पॅप' म्हणून ओळखली जाते, त्या डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी डॉ. ट्राऊट यांच्यासह १९४१ साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला. रोग होण्यापूर्वीच त्याची चाहूल घेणे, हेच तिचे मर्म. पेशी किंचित बिघडल्या तरी ती सांगते. असे बहुतेक बदल सौम्य असतात व पुष्कळदा आपोआप निवळतात.

या बदलांचे मूळ बहुधा एच. पी. व्ही. नावाच्या विषाणूत असते. डॉ. हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी हा संबंध दाखवून दिला व त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसारी स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो आणि साधारणतः एकदोन वर्षांत शरीर त्याला हुसकून लावते. क्वचित तो वर्षानुवर्षे गुपचूप राहून मग प्रकट होतो. तेव्हा त्या कागदावरून पतीने पत्नीच्या वा पत्नीने पतीच्या शीलाविषयी अनुमान काढणे हा शुद्ध अन्याय होय.

आता पुढे काय होते? डॉक्टर बहुधा कॉल्पोस्कोपी सुचवितात. गर्भाशयाच्या मुखावर सौम्य आम्ल लावून ते भिंगाच्या दुर्बिणीतून बाहेरूनच पाहावयाचे, एवढाच हा प्रकार. उपकरण गर्भाशयात शिरत नाही. बाळाला धक्का लागत नाही. शंकास्पद जागा दिसली तर वरवरचा लहानसा तुकडा तपासणीस घेतात. गरोदरपणी त्या भागात रक्त अधिक असल्याने थोडा रक्तस्राव होतो. तो आवरता येतो. आतील भाग खरवडण्याची तपासणी मात्र गरोदरपणी करीत नाहीत.

बदल सौम्य असेल तर पुढील तपासणी प्रसूतीनंतर करता येते. बदल अधिक तीव्र असेल तर डॉक्टर गरोदरपणीच सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा पाहतात. बिघडलेला भाग काढून टाकण्याचा उपचार सामान्यतः बाळंतपणानंतर करतात. कारण अशा बदलाचा कर्करोग होण्यास बहुधा कित्येक वर्षे लागतात, आणि गरोदरपणी छेद घेतल्यास रक्तस्रावाचा व अकाली प्रसूतीचा धोका असतो. केवळ या बदलांमुळे पोट फाडून बाळंतपण करावे लागत नाही. प्रत्यक्ष कर्करोगाचीच शंका असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांचा सल्ला त्वरित घ्यावा. तसेच गरोदरपणी अंगावरून रक्त गेले, तर कागदात काहीही लिहिलेले असो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

म्हणजे भीती सोडावयाची. परंतु एक भीती मात्र धरावयाची, ती विस्मरणाची. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते. माहेर कोणाचे निपाणीला, कोणाचे सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला. राज्य बदलते, दवाखाना बदलतो, कागदावरील भाषाही बदलते. कागद सासरच्या कपाटात राहतो. बारसे होते, सव्वा महिना सरतो, बाळाच्या कौतुकात आईची तपासणी मागे पडते. थांबणे हा उपचाराचा भाग आहे. विसरणे हा नव्हे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. तो कागद माहेरी जाणाऱ्या पेटीत, बाळंतपणाच्या कार्डाबरोबर ठेवावा आणि तेथील डॉक्टरांना आधी दाखवावा. प्रसूतीनंतरच्या तपासणीची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. साधारणतः ती बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्याने वा त्यापुढे येते. बाळाला लस टोचण्याची तारीख आपण जशी भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहितो, तशीच शेजारी आईचीही लिहावी. तपासणीच्या दिवशी बाळाला कोणी सांभाळावयाचे, हे घरातल्या पुरुषांनी आधीच ठरवावे.

वेळीच केलेल्या तपासणीने काय साधते, याचा दाखला आपल्याच मराठी मुलखात आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, १९९९ पासून बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने खेडोपाडीच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांचे वय ३० ते ५९ होते. ज्या गावांत विषाणूची तपासणी एकदाच झाली, तेथे या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या बायाही आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या.

आणखी एक. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार ही तपासणी मुख्यतः ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. सुनेच्या कागदाने घर हादरले, पण त्याच घरातील सासूबाईंनी आयुष्यात एकदाही ही तपासणी करून घेतलेली नसते. सुनेबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या सासूने त्याच फेरीत आपलेही नाव घालावे. तेवढे झाले तर या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.