लांबणीवर पडलेली शस्त्रक्रिया

प्रश्न : गर्भाशयातील फायब्रॉइडची माझी शस्त्रक्रिया कोरोनामुळे तहकूब झाली. चिरफाडीविना काही इलाज आहे का?

उत्तर : भगिनी, या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसल्याने विलंबाची धास्ती नको, मात्र तासातासाला पॅड बदलावा लागत असेल वा जिना चढताना धाप लागत असेल, तर चालढकल न करता हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या व पाळीपुरत्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या घ्याव्यात, पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली असल्यास ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी वर्ज्य. एमआरआयच्या साह्याने ध्वनिलहरी गाठीवर एकवटून ती उष्णतेने निकामी करणारी, अमेरिकेत २००४ पासून मान्य असलेली पद्धती छेदाविना बहुधा त्याच दिवशी घरी सोडते, हा मोठाच लाभ. परंतु प्रत्येक गाठ तिला योग्य नसते, आणि अपत्याची इच्छा असल्यास ती आधीच सांगावी.