चुकीतून उघडलेले दार

संगणकावरील एक गोळीबाराचा खेळ हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे, हे पाहून काही पालकांच्या कपाळी आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु ज्या प्रसंगाने आम्हांस या विषयाकडे वळविले, तो आमच्याच वर्गात घडला. आणि त्यात चूक कोणाची, हा प्रश्न पुष्कळ दिवस आमच्या मनाला टोचत राहिला.

गतवर्षी सहामाही परीक्षेच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत आम्ही लिहिले होते : ‘खालीलपैकी कोणतेही पाच वाक्प्रचार वाक्यात वापरा. (गुण ५)’. एका विद्यार्थ्याने पाचही वाक्प्रचार एकाच लांब वाक्यात गुंफले. वाक्य निर्दोष होते. अर्थही नीट लागत होता. आम्ही मात्र ही लबाडी ठरवून एकच गुण दिला. तो शांतपणे म्हणाला, “सर, वाक्ये किती हवीत, हे प्रश्नात नव्हते. मी कॉपी केली नाही. ‘डूम’मध्येसुद्धा असेच असते.” हे ‘डूम’ म्हणजे काय, ते जाणून घेणे आम्हांस भाग पडले.

‘डूम’ हा खेळ अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ‘इड सॉफ्टवेअर’ या संस्थेने १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. ‘डूम २’ हा त्याचा पुढील भाग १९९४ मध्ये आला. खेळाडू एका सैनिकाच्या डोळ्यांनी सर्व काही पाहतो, राक्षसांशी लढतो आणि एकेक टप्पा ओलांडीत जातो. टप्प्यांत गुप्त जागा असतात. टप्पा संपताच त्यांपैकी शेकडा किती सापडल्या, याचा हिशेब पडद्यावर येतो. काही गुपिते सरळ मार्गाने हाती लागत नाहीत, आणि तेथेच खेळाच्या नियमांतील उणिवा कामास येतात.

पहिली उणीव आमच्या विद्यार्थ्यांस भूमितीच्या पुस्तकातूनच समजेल. या खेळात उडी मारण्याची सोय नाही. खेळाडू पुढे धावतो तेव्हा त्याला ५० एककांचा जोर मिळतो. बाजूला सरकतो तेव्हा ४० एककांचा. दोन्ही कळा एकदम दाबल्यास दोन्ही जोर एकमेकांशी काटकोनात लागू होतात, आणि त्यांची बेरीज पुन्हा मर्यादेत आणण्याची व्यवस्था रचनाकारांनी केलेली नाही. आता पायथागोरसचा सिद्धांत लावा. ५० चा वर्ग २५००, ४० चा वर्ग १६००, बेरीज ४१००. तिचे वर्गमूळ सुमारे ६४. म्हणजे तिरकी धाव सरळ धावेपेक्षा शेकडा २८ ने वेगवान! बाजूचा जोरही ५० पर्यंत नेण्याची एक युक्ती आहे. तेव्हा कर्ण जवळजवळ ७१ होतो. या वाढीव वेगाने खेळाडू मधली दरी खाली पडण्यापूर्वीच ओलांडतो आणि एरवी न पोहोचता येणाऱ्या कट्ट्यावर पाय ठेवतो.

दुसरे उदाहरण राकेटचे. राकेट फुटले की जवळच्या वस्तूंना धक्का बसतो, आणि तो धक्का ते सोडणाऱ्यालाही बसतो. पहिल्या ‘डूम’च्या तिसऱ्या भागात ‘माउंट एरेबस’ नावाचा टप्पा आहे. तेथे भिंतीवर राकेट सोडून, त्या धक्क्याने स्वतः मागे फेकले जाऊन गुप्त निर्गमनद्वार गाठता येते. किंमत मात्र मोजावी लागते. शरीराला इजा होते.

तिसरे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. ‘डूम २’ मधील ‘इंडस्ट्रियल झोन’ हा पंधरावा टप्पा जॉन रोमेरो यांनी रचला. खेळाचा नियम असा की, ज्या जागेला ‘गुप्त’ अशी खूण केलेली आहे तिच्या जमिनीला पाय टेकले, तरच गुपित सापडले असे धरावे. या टप्प्यातील एक खूण खेळाडूला क्षणात अन्यत्र नेणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे टेलिपोर्टरच्या, जागेवरच होती. कडा ओलांडताच खेळाडू दुसरीकडे पोहोचे. पाय टेकण्याची संधीच नसे. त्यामुळे हे गुपित अप्राप्य, असे वर्षानुवर्षे मानले गेले. अखेर २०१८ मध्ये ‘झीरो मास्टर’ या टोपणनावाने खेळणाऱ्या खेळाडूने खेळातीलच एका वैगुण्याचा आधार घेऊन ते मिळविले. चोवीस वर्षांनी हे घडले, आणि ज्यांच्या हातून ती चूक झाली होती, त्या रोमेरो यांनी त्याचे जाहीर अभिनंदन केले.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. ‘डूम २’ मध्ये ‘आयडीक्लिप’ ही अक्षरे टंकिल्यास खेळाडू भिंतींतून आरपार जातो, आणि वरील गुपितही विनासायास मिळते. त्यास खेळाडू फसवणूक म्हणतात, कारण तेथे नियमच बाजूला सारलेला असतो. तिरक्या धावेत आणि राकेटच्या धक्क्यात नियम पूर्णपणे पाळलेला असतो. केवळ तो लिहिणाऱ्याने जितका विचार केला नव्हता, तितका पाळणाऱ्याने केलेला असतो. १९९७ च्या डिसेंबरात या खेळाची मूळ आज्ञावली सर्वांस खुली झाली, तेव्हापासून अशा उणिवा कोणालाही वाचून तपासता येतात.

याचा अर्थ प्रत्येक पळवाट योग्य, असा विद्यार्थ्यांनी घेऊ नये. खेळातील उणिवेने कोणाचे नुकसान होत नाही. व्यवहारातील पळवाटेने दुसऱ्याचा हक्क बुडू शकतो. म्हणून दोन प्रश्न स्वतःस विचारावेत : यात दुसऱ्या कोणाचे काही जाते काय? आणि आपण काय केले, हे उघडपणे सांगता येईल काय? त्या मुलाच्या वाक्याने कोणाचे काही गेले नव्हते, आणि त्याने काही लपविलेही नव्हते.

आम्ही त्याला उरलेले चार गुण दिले, आणि चूक आमची होती हे वर्गासमोर सांगितले. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत त्याच प्रश्नात एक शब्द वाढविला : ‘स्वतंत्र वाक्यांत वापरा’. तो प्रश्न वाचून वर्गात पहिला हसला तो तोच मुलगा; आणि मग त्याने पाच स्वतंत्र वाक्ये लिहिली.