उंचावरील काम आणि कामकऱ्याची सुरक्षितता

पावसाळ्याची चाहूल लागली कीं आपल्याकडे घरें शाकारण्याची धांदल सुरू होते. कोणी कौलें चाळून घेतो, कोणी फुटके पत्रे बदलतो, कोणी पन्हळी साफ करवितो. दिवाळीपूर्वीं रंगारी येतात. शहरांत तर बारा महिने कोठें ना कोठें परांची उभी असतेच, आणि तिच्यावर गवंडी, रंगारी व नळकाम करणारे सहजपणें वावरत असतात. त्यांच्या धीटपणाचें आपण कौतुक करतों. तें कौतुक रास्त आहे; परंतु त्याच्या पाठीशीं एक गैरसमज दडलेला असतो. तो असा कीं, उंचावर माणूस सुखरूप राहतो तो स्वतःच्या सावधपणामुळें, आणि पडतो तो स्वतःच्या चुकीनें. प्रस्तुत लेखांत या समजुतीचा विचार करावयाचा आहे. वाचकांपैकीं कित्येकांचे वडील अथवा काका बांधकामाचीं लहानमोठीं कंत्राटें घेत असतील. त्यांच्या घरीं हा विषय केवळ पुस्तकी नव्हे.

प्रथम पडणें म्हणजे काय तें पाहूं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस गतीचीं समीकरणें ठाऊक आहेतच. दुमजली घराच्या छपराची कड जमिनीपासून ६ मीटर उंच धरली, तर तेथून सुटलेला माणूस १.१ सेकंदांत खालीं येतो, आणि जमिनीस टेकतो तेव्हां त्याचा वेग ताशीं सुमारें ३९ किलोमीटर असतो. आपण पडत आहोंत हें उमगेपर्यंतच त्या सेकंदाचा बराचसा भाग सरलेला असतो. मग सावधपणानें करावें तरी काय? इजा मात्र पडण्यानें होत नाहीं, थांबण्यानें होते. ज्या अंतरांत वेग शून्यावर येतो तें अंतर जितकें थोडें, तितका आघात मोठा. काँक्रीटवर शरीर ६ सेंटिमीटरांत थांबलें असें मानलें, तर त्यावर येणारा सरासरी भार वजनाच्या शंभरपट होतो. तोच माणूस २ मीटर खोल दबणाऱ्या जाळ्यांत पडला, तर अवघा चौपट. मोठाल्या पुलांखालीं जाळीं टांगतात तीं या साध्या भागाकाराच्या बळावर.

असें एक जाळें इतिहासांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाचें काम १९३३ च्या जानेवारींत सुरू झालें व १९३७ च्या मे महिन्यांत पूल खुला झाला. त्या काळीं तेथील पूलबांधणीच्या धंद्यांत एक निष्ठुर अडाखा रूढ होता: दर दहा लक्ष डॉलर खर्चामागें एक मनुष्य दगावावयाचा. या पुलाचा खर्च साडेतीन कोटी डॉलरांच्या घरांत. म्हणजे जमाखर्चाच्या वहींत पस्तीस मृत्यू जणूं आगाऊच मांडून ठेविलेले! मुख्य अभियंते जोसेफ स्ट्राउस यांनीं हा हिशेब मानला नाहीं. कामगारांनीं डोक्यास कठीण टोपी घातलीच पाहिजे असा दंडक त्यांनीं घातला, आणि सुमारें १,३०,००० डॉलर खर्चून पुलाच्या तळाखालीं दोराचें भलें मोठें जाळें टांगलें. त्याखालीं दोनशे फुटांच्या आसपास खोलीवर समुद्राचें थंडगार पाणी. जाळ्यांत पडून एकंदर १९ माणसें वांचलीं. त्यांचें एक मंडळच बनलें व ‘नरकाची अर्धी वाट चालून आलेले’ अशा अर्थाचें थट्टेचें नांव त्यास पडलें.

येथपर्यंतची कथा पुष्कळांस माहीत असते. पुढचा भाग कंत्राटदारानें अधिक लक्ष देऊन वाचावा असा आहे. कामास साडेतीन वर्षें होऊन गेल्यावर, १९३६ च्या ऑक्टोबरांत, पहिला मृत्यू झाला. मग १७ फेब्रुवारी १९३७ रोजीं, पुलाच्या खालच्या अंगास लांकडी साचे काढणाऱ्या कामगारांची कित्येक टन वजनाची फिरती माची आधारांतून निसटली आणि जाळ्यावर कोसळली. जाळें माणसांचा भार झेलण्यासाठीं होतें, माचीचा नव्हे. तें फाटत गेलें. बारा जण पाण्यांत गेले, त्यांपैकीं दहा मरण पावले. त्यांनीं कितीहि जपून पाऊल टाकलें असतें, तरी पायांखालची माचीच गेल्यावर त्याचा काय उपयोग? माचीचे आधार पुरेसे आहेत कीं नाहींत हें पाहणें तिच्यावर उभ्या असलेल्या मजुराचें काम नव्हे. ज्यानें ती उभारविली त्याचें आहे.

ब्रिटनमध्यें २००५ सालीं उंचावरील कामासंबंधीं नियम झाले. त्यांत उपायांचा एक क्रम लावून दिलेला आहे. आधीं विचारावयाचें, वर चढलेंच पाहिजे काय? पन्हळ लांब दांड्यानें जमिनीवरून साफ होत असेल, सांगाडा खालीं जुळवून वर उचलतां येत असेल, तर न चढणें हेंच उत्तम. चढणें अटळ असेल तर पडतांच येऊं नये अशी जागा करावी: भक्कम परांची, कंबरेच्या वर येणारा कठडा, मध्यें आडवी दांडी, आणि फळीच्या कडेस अवजारें खालीं घरंगळूं न देणारी पट्टी. हेंहि अशक्य असेल तेव्हांच जाळें अथवा पट्टा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलट लागतो. पट्टा हातीं दिला कीं मालकाचें कर्तव्य संपलें! भारतांत बांधकाम कामगारांसाठीं १९९६ सालीं स्वतंत्र कायदा झाला व पुढें २०२० च्या संहितेंत तो अंतर्भूत करण्यांत आला. परंतु दोन माणसांनीं एका दिवसांत उरकावयाच्या दुरुस्तीच्या कामावर कायद्याचा डोळा क्वचितच पोहोंचतो, आणि धोका तर तेथेंहि तेवढाच.

पट्ट्याविषयीं थोडें गणित करूं. नुसता कंबरेचा पट्टा झटक्याचा सारा भार पोटावर व कण्यावर घालतो. म्हणून मांड्या, छाती व खांदे यांवर भार वांटणारा अंगभर पट्टाच हवा. त्याची दोरी २ मीटर लांब असते. झटका सौम्य करणारी घडी उसवून ती आणखी पावणेदोन मीटरपर्यंत वाढूं शकते. पट्ट्याच्या पाठीवरील कडीपासून पायांपर्यंत दीड मीटर, आणि जमिनीपासून १ मीटर अंतर राखावें. एकूण सव्वासहा मीटर! म्हणजे पायांजवळच्या खांबास दोरी अडकवून चार मीटर उंचीवर काम करणारा माणूस पट्टा असूनहि जमिनीवर आदळेल. दोरी डोक्याच्या वर अडकवावी, आणि तीहि बांबूस किंवा नळास नव्हे.

सिमेंटच्या पत्र्यांविषयीं निराळें सांगावयास हवें, कारण ते दिसतात घट्ट व फुटतात अकस्मात. खिळ्यांच्या ओळीवरून चाललें म्हणजे भीति नाहीं अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. ज्यांचीं टोकें खालच्या आधारांवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच वावरावें. शिडीचें सूत्र सोपें आहे: चार मीटर उंचीस पाया भिंतीपासून एक मीटर दूर, वरचें टोंक चढावयाच्या जागेपेक्षां एक मीटर उंच, आणि तें बांधलेलें. जवळून विजेच्या तारा जात असतील तर ॲल्युमिनियमची शिडी आणूंच नये.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. पट्ट्यानें वांचलेला माणूस अधांतरीं निश्चल लोंबकळत राहिला, तर रक्त पायांत सांचून तो थोड्याच मिनिटांत बेशुद्ध होऊं शकतो. यास्तव त्याला खालीं कसें उतरवावयाचें, शिडी कोठें ठेविलेली आहे, वर कोण जाणार, हें काम सुरू होण्यापूर्वींच मुकादमानें ठरवून सर्वांस सांगून ठेवावें. आणि शिडी लागेपर्यंत लोंबकळणारा शुद्धीवर असेल, तर त्यास पाय सतत हालवीत राहण्यास खालून ओरडून सांगावें.