एका चौकाचा इतिहासपाठ

‘सत्तांतर’ हा शब्द केवळ सनावळी पाठ करवून मुलांच्या मनात ठसत नाही. त्याकरिता एखादे स्थळ त्यांच्या डोळ्यांपुढे उभे करावे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स नगराचा जॅक्सन चौक या कामी उपयुक्त आहे.

मिसिसिपी नदीकाठी हे नगर फ्रेंचांनी १७१८ साली वसविले. नदीसमोर राखलेल्या चौकात सैनिकांची कवायत होई; म्हणून त्यास ‘प्लास दार्म’, म्हणजे शस्त्रांचे मैदान, म्हणत. पुढे सुमारे चाळीस वर्षे नगर स्पेनकडे होते. नदीकडे पाठ करून उभे राहिल्यास समोर सेंट लुई कॅथीड्रल व डाव्या हातास स्पॅनिश अमदानीतील नगरसभागृह, कॅबिल्डो, दिसते. याच चौकात २० डिसेंबर १८०३ रोजी फ्रेंच निशाण उतरले व अमेरिकेचे चढले. सारा प्रांत विकला गेला होता. रहिवाशांस कोणी विचारले नव्हते.

१८१५ साली येथे इंग्रजांस हरविणाऱ्या अँड्र्यू जॅक्सनचे नाव चौकास १८५१ मध्ये मिळाले. १८५६ मध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा बसला. परंतु राष्ट्राध्यक्ष या नात्याने त्याने १८३० साली ज्या कायद्यावर सही केली, त्यामुळे हजारो मूळ रहिवाशांस वडिलार्जित भूमी सोडावी लागली. पुतळा हे सांगत नाही. ते शिक्षकाने सांगावयाचे असते.

पाठाअंती मुलांस विचारावे : आपल्या गावच्या चौकाचे नाव कोणी ठेवले? कोणाचे नाव राहून गेले? उत्तरे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणावीत.